नव्याच्या सणाआधीचा महिना : बेने इस्राएली आणि क्षमेचं तत्त्वज्ञान

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं होतं, ‘सर, पश्चात्ताप ही नुसती भावना आहे की कृती?’ त्याचं उत्तर मी आज जरा आडवाटेनं देणार आहे. देहूरोडहून लोकल पकडून पुणे स्टेशनला उतरलात की कॅम्पात लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं एक देऊळ दिसतं. लोक त्याला ‘लाल देवळ’ म्हणतात. ते ज्यूंचं सिनेगॉग आहे, ओहेल डेव्हिड, 1867 सालचं. डेव्हिड ससून यांनी ते उभारायला घेतलं, त्यांची समाधीही तिथंच आहे. ससून बगदादी ज्यू. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएली ज्यूंचं सिनेगॉग रास्ता पेठेत आहे, सुक्कथ शेलोमो, 1921 चं. गंमत बघा, पुण्यात सिनेगॉगला ‘देवळ’ म्हणतात आणि मुंबईत सॅम्युएल इझीकेल दिवेकरांनी 1796 मध्ये बांधलेल्या सिनेगॉगला ‘जुनी मशीद’. शेजारी जो शब्द वापरतात तो आपलाही, असा साधा हिशेब.

हे बेने इस्राएली म्हणजे कोकणातले ‘शनिवार तेली’. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणारे. अलिबागजवळच्या नवगावला आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. अनेक शतकं हिब्रू ग्रंथ जवळ नव्हते, पण सण टिकले आणि त्यांची नावं मराठी झाली. नववर्षाचा तो ‘नव्याचा सण’, प्रायश्चित्ताच्या उपासाचा तो ‘दारफळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारं लावून, पांढरे कपडे घालून घरात राहायचं. त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. आणि नववर्षाच्या आधीचा जो एलुल महिना, त्यातल्या उपासांना जुनी माणसं चक्क ‘रमजान’ म्हणत. पुढे कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी हिब्रू प्रार्थना शिकवल्या, आणि एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझीकेल राजपूरकरांनी अनेक प्रार्थना मराठीत आणल्या. मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक होते ते.

एलुल बहुधा आपल्या भाद्रपदाच्या आगेमागे येतो. दोन्ही पंचांगांतला अधिक महिना वेगवेगळा पडतो, म्हणून कधी महिनाभराचा फरक होतो. पण पुष्कळदा नव्याचा सण घटस्थापनेच्या सुमारास असतो. त्याआधीच्या महिन्यात सलिहोत म्हणतात, क्षमायाचनेच्या प्रार्थना. पहाटे, किंवा रात्री उशिरा. शोफार वाजतो, म्हणजे एडक्याचं शिंग. ज्यांनी ते ऐकलंय त्यांना माहीत आहे, त्याला सूर असा नसतोच. झोपलेल्याला उठवावं तसा तो आवाज.

आता तत्त्वज्ञानाकडे येतो. ‘पश्चात्ताप’ या आपल्या शब्दात ‘नंतरचा ताप’ आहे. जळणं आहे. हिब्रू शब्द आहे ‘तशुवा’. त्याचा अर्थ परतणं. माणूस वाट चुकला, तर नुसतं रस्त्यात बसून रडून भागत नाही, मागे फिरावं लागतं. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीसनं याचे नियमच बांधून दिले. चूक सोडायची, खंत करायची, पुन्हा न करण्याचा निश्चय करायचा, आणि कबुली तोंडानं द्यायची. मनात म्हटलेली चालत नाही! पुरी तशुवा कधी झाली, तर तीच संधी, तोच मोह पुन्हा समोर आला आणि अंगात ताकद असूनही माणसानं ते केलं नाही, तेव्हा. म्हातारपणी मोह गळून पडला म्हणून सुधारलो म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांची तो पंचाईत करतो.

त्याहून कडक नियम मिश्नामधला आहे. देवाविरुद्ध केलेल्या चुका प्रायश्चित्ताच्या दिवशी धुतल्या जातील, पण माणसाविरुद्धच्या नाहीत. त्या माणसाकडे जाऊनच क्षमा मागायची. देवसुद्धा मधे पडत नाही. जैन शेजाऱ्यांचं ‘मिच्छामि दुक्कडं’ तुम्हाला माहीत आहे. आपल्या देहूरोडला बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 रोजी बुद्धमूर्ती बसवली, त्या परंपरेतही वर्षावासाच्या शेवटी भिक्खू संघाला विनवतो की माझे दोष दाखवा. समोर माणूस लागतो, हे सगळीकडे सारखं.

ज्यूंच्या बाबतीत मात्र समूहही लागतो. सार्वजनिक प्रार्थनेला रूढ पद्धतीत दहा प्रौढ पुरुष हवेत. कबुलीही अनेकवचनी आहे. ‘मी’ नाही, ‘आम्ही’ चुकलो. मी चोरी केली नसेल, तरी ‘आम्ही चोरलं’ म्हणायचं. आणि ज्याचं वाईट केलं तो मेला असेल, तर? मायमोनिडीस सांगतो, दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीवर जा आणि त्यांच्यासमोर कबूल कर. विसाव्या शतकाच्या मध्याला बेने इस्राएली वीस हजारांच्या आसपास होते. बहुतेक इस्राएलला गेले, आज भारतात ते पाच हजारांच्या आत असतील. कोकणातल्या गावात सिनेगॉग उभं आहे आणि दहावा माणूस सापडत नाही, तेव्हा नुसती संख्या कमी झालेली नसते. कबुली देण्याची जागाच जाते.

माझे एक बेने इस्राएली सहकारी होते. दर वर्षी या दिवसांत मला फोन करायचे, ‘वर्षभरात काही बोललो असेन तर माफ करा, सर.’ मी म्हणायचो, ‘अहो, काय हे, आपल्यात कसली माफी!’ खरं तर एका बैठकीत त्यांचं म्हणणं बरोबर आहे हे ठाऊक असून मी गप्प राहिलो होतो, आणि त्यांची बढती हुकली. त्यांच्या फोननं दर वर्षी मला आयती संधी दिली. ती मी विनयानं घालवली. ते इस्राएलला मुलाकडे गेले आणि तिथंच वारले. नियमाप्रमाणे कबर तिकडे आणि माझे दहा जण इकडे. इथं समोर चाळीसेक मंडळी बसली आहेत, म्हणून तुम्हाला सांगितलं. याला कबुली म्हणायचं की नाही, ते मला ठरवता येत नाही. प्रश्न असतील तर विचारा.