उत्तेजक द्रव्यांविना शरीरसौष्ठव स्पर्धेची तयारी : ऊर्जेचा हिशेब आणि शरीरातील नियंत्रण

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला, तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी आंतरमहाविद्यालयीन ‘बेस्ट फिजिक’ स्पर्धेत उतरला होता. जिममधल्या प्रशिक्षकाने त्याचे पाणी आणि मीठ दोन दिवस आधी बंद केले आणि सकाळी ‘पाणी काढायची गोळी’ दिली. पोझिंग सुरू होण्याआधीच पोटऱ्यांत पेटके आले, चक्कर आली, आणि रात्र सलाईनवर गेली. आठवड्याने तो माझ्याकडे थर्मोडायनॅमिक्सची वही घेऊन आला, पण प्रश्न वेगळाच होता: “सर, हे गोळ्यांशिवाय होतं का?”

होते. मात्र त्याला वेळ लागतो आणि हिशेब लागतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हा हिशेब अवघड नाही, म्हणून हे टिपण. मी वैद्य नाही. मधुमेह, रक्तदाब, हृदयाची वा मूत्रपिंडाची तक्रार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीही करू नये.

प्रथम उद्दिष्ट तपासू. समजा, विद्यार्थ्याची उंची १७२ सेंमी, वजन ७५ किलो आणि चरबीचे प्रमाण १६ टक्के आहे. म्हणजे चरबी १२ किलो आणि चरबीविरहित वस्तुमान ६३ किलो. या ६३ ला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की सुमारे २१.३ हा निर्देशांक येतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्टिरॉइड न घेणाऱ्या खेळाडूंचा हा निर्देशांक (उंचीची दुरुस्ती करून) साधारण २५ च्या आत राहतो असे दिसले. ही सीमा पोलादी नाही, थोडे अपवाद असतात. तरीही इन्स्टाग्रामवरचा कोणी ‘मी नॅचरल’ म्हणत २९-३० चे शरीर दाखवत असेल, तर त्याच्याशी स्वतःची तुलना करून निराश व्हायचे कारण नाही.

आता रंगमंचावरचे लक्ष्य ६ टक्के चरबी धरू. स्नायू अजिबात न गमावता तिथे पोहोचलो तर वजन होईल ६३ ÷ ०.९४, म्हणजे ६७ किलो. ८ किलो चरबी जाळायची आहे. एक किलो शारीरिक चरबीत अंदाजे ७७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. आठवड्याला अर्धा किलो घटवायचे ठरवले, तर रोजची तूट ५५० किलोकॅलरी येते आणि काळ येतो १६ आठवडे. आजारपण, परीक्षा, घरचे लग्न यांसाठी आणखी चार धरा. एकूण २० आठवडे. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, यापेक्षा वेगाने वजन उतरवले तर चरबीबरोबर स्नायूही जाण्याचा धोका वाढतो. ‘दीड महिन्यात कटिंग’ ही घाईच मुलांना गोळ्यांकडे नेते, असे माझे निरीक्षण आहे. म्हणजे खरा निर्णय जूनमध्येच होतो, स्पर्धेच्या आठवड्यात नाही.

या गणितात एक अडचण आहे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम अबाधित असला तरी समीकरणाची उजवी बाजू स्थिर नसते. खाणे कमी झाले की शरीर खर्चही कमी करते. वजन घटल्याने विश्रांतीचा चयापचय उतरतो, आणि नकळत हालचालीही कमी होतात. पाय हलवणे, जिन्याने जाणे, उभ्याने गप्पा मारणे, सगळेच. त्यामुळे पहिल्या महिन्यात ५५० असलेली तूट तिसऱ्या महिन्यात ३०० च होते. उपाय म्हणजे मोजमाप. रोज सकाळी शौचानंतर, पाणी पिण्यापूर्वी वजन करा, पण एका दिवसाच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. शरीरात साठलेल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी राहते. आदल्या रात्री भात आणि लोणचे जास्त झाले, तर काटा एक किलो वर जाऊ शकतो, चरबी तसूभरही न वाढता. हा नॉइज आहे. सात दिवसांची सरासरी काढा, दोन सरासऱ्यांची तुलना करा. दोन आठवडे उतार दिसला नाही तरच आहारात १००-१५० किलोकॅलरी कमी करा किंवा रोजची पावले वाढवा.

आहाराचे आकडे असे. वजन स्थिर ठेवणारा आहार २६०० किलोकॅलरी असेल, तर सुरुवात २०५० पासून. तूट असताना स्नायू टिकवायला प्रथिने नेहमीपेक्षा जास्त लागतात. चरबीविरहित वस्तुमानाच्या दर किलोला अडीच ग्रॅम धरले तर सुमारे १६० ग्रॅम. स्निग्ध पदार्थ ५५ ग्रॅम. ते यापेक्षा फार खाली नेऊ नयेत, संप्रेरकांवर परिणाम होतो. उरलेली कर्बोदके, म्हणजे साधारण २३० ग्रॅम. होस्टेलच्या मेसमधल्या पातळ वरणातून १६० ग्रॅम प्रथिने मिळणार नाहीत हे उघड आहे. कोरडे सोयाचंक ७५ ग्रॅम घेतले तर ३९ ग्रॅम, सहा अंड्यांच्या पांढऱ्यातून २२, पाव किलो कच्च्या चिकन ब्रेस्टमधून ५५ च्या आसपास, ४०० ग्रॅम साय काढलेल्या दह्यातून १५, आणि पोळ्या-भात-डाळीतून तीसेक. शाकाहारी विद्यार्थ्याने चिकनऐवजी व्हे प्रोटीनचे दोन स्कूप घ्यावेत आणि सोयाचंक थोडे वाढवावेत. पनीर चांगले, पण त्यातली चरबी मोजायला विसरू नका.

व्यायामाबद्दल फार लिहीत नाही, कारण तो बहुतेकांना येतो. एवढेच सांगतो की कटिंगमध्ये हलके वजन आणि जास्त आवृत्त्या हा समज चुकीचा आहे. ज्या वजनाने स्नायू बांधला, साधारण तेच वजन त्याला टिकवते. थकवा आला तर सेट कमी करा, वजन शेवटी कमी करा. पूरक द्रव्यांत क्रिएटिन रोज ३ ते ५ ग्रॅम चालते. ते प्रतिबंधित नाही.

आता त्या ‘कोर्स’कडे येऊ. टेस्टोस्टेरॉनची निर्मिती हे बंद वळशाच्या नियंत्रणाचे उत्तम उदाहरण आहे. हायपोथॅलॅमस पिट्यूटरीला इशारा देतो, पिट्यूटरी एलएच हे संप्रेरक सोडते, त्यावर वृषण टेस्टोस्टेरॉन तयार करतात, आणि वाढलेले टेस्टोस्टेरॉन मागे जाऊन इशारा कमी करते. हा ऋण प्रतिभरणाचा वळसा झाला. बाहेरून इंजेक्शन दिले की संवेदकाला पातळी भरपूर दिसते, तो इशारा बंद करतो आणि कारखाना थांबतो. वृषण आक्रसतात, शुक्राणूंची संख्या कोसळते. इंजेक्शन बंद केल्यावर वळसा लगेच सुरू होत नाही. काहींना महिने, काहींना त्याहून अधिक काळ लागतो. विशीतला मुलगा हा धोका एका चषकासाठी पत्करतो, आणि त्याला तो कोणी समजावून सांगितलेला नसतो.

तपासणीही याच रसायनशास्त्रावर उभी आहे. लघवीच्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉन आणि एपिटेस्टोस्टेरॉन यांचे गुणोत्तर पाहतात; बहुतेकांत ते एकाच्या आसपास असते, चारच्या वर गेले की संशय येतो. मग कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजतात. कारखान्यातले टेस्टोस्टेरॉन सहसा सोयाबीनसारख्या वनस्पतींतील स्टेरॉलपासून बनते आणि त्यात कार्बन-१३ चे प्रमाण शरीरात बनलेल्यापेक्षा वेगळे असते. रेणू तोच, पण जन्मस्थान उघडे पडते. मला हा भाग शिकवायला फार आवडतो.

भारतात ही जबाबदारी राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची, म्हणजे नाडाची आहे. २०२२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. नियमाचे सूत्र कठोर आहे: नमुन्यात जे सापडले त्याला खेळाडू जबाबदार, ते कसे आले हा नंतरचा प्रश्न. म्हणून डब्यावरचे लेबल पुरेसे नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेरा देशांतून घेतलेल्या ६३४ पूरक उत्पादनांपैकी ९४ मध्ये लेबलवर न लिहिलेली स्टिरॉइडसदृश द्रव्ये सापडली होती. सुट्या पुडीत मिळणारे ‘फॅट कटर’ तर घेऊच नयेत. क्लेनब्युटेरॉल वर्षभर प्रतिबंधित आहे. आणि माझ्या विद्यार्थ्याने घेतलेली ती मूत्रवर्धक गोळीसुद्धा. नमुना घेतला गेला असता तर तो दोषी ठरला असता, एकही स्टिरॉइड न घेता.

शेवटच्या आठवड्याचा गोंधळ इथूनच सुरू होतो. स्नायूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. पाणी तोडले की ते फक्त त्वचेखालूनच निघून जात नाही, स्नायूही चपटे दिसतात. वर मूत्रवर्धकाने सोडियम-पोटॅशियमचे संतुलन बिघडले, तर हृदयाची लय बिघडू शकते. चरबी वेळेत उतरली असेल तर या आठवड्यात करण्यासारखे फार थोडे उरते: व्यायाम हलका करा, शेवटचे दोन दिवस भात-बटाटा थोडा वाढवा, पाणी आणि मीठ नेहमीप्रमाणे ठेवा. जे पदार्थ कधी खाल्ले नाहीत ते त्या दिवशी नकोत. वाचलेला वेळ पोझिंगला द्या. डबल बायसेप्स, लॅट स्प्रेड, साइड चेस्ट, साइड ट्रायसेप्स, ॲब्डॉमिनल अँड थाय या सक्तीच्या पोझ प्रत्येकी अर्धा मिनिट न थरथरता धरून दाखवणे हा वेगळाच व्यायाम आहे, आणि गुण तिथेच जातात.

नैसर्गिक मार्गही फुकट नाही, हे लपवणे बरोबर होणार नाही. २०१३ मध्ये एका नैसर्गिक शरीरसौष्ठवपटूचा वर्षभर अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या तयारीत त्याची चरबी १४.८ वरून ४.५ टक्क्यांवर आली, टेस्टोस्टेरॉन सुमारे ९.२ वरून २.३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरवर घसरले आणि विश्रांतीतील नाडीचे ठोके मिनिटाला २७ पर्यंत उतरले. स्पर्धेनंतर आहार वाढवल्यावर संप्रेरक पूर्ववत झाले. विद्यार्थिनींच्या बाबतीत पाळी थांबणे हा असाच इशारा आहे. तो दिसला तर तूट थांबवून डॉक्टरांकडे जावे. चिडचिड, झोप न लागणे, अभ्यासात लक्ष नसणे आणि सतत खाण्याचे विचार ही लक्षणे जवळजवळ प्रत्येकात शेवटच्या महिन्यात दिसतात. त्यामुळे सत्र परीक्षा आणि स्पर्धा एकाच महिन्यात येत असतील, तर त्या वर्षी स्पर्धा सोडा.

स्पर्धेनंतरच्या रात्री सगळे मिठाईवर तुटून पडतात. त्यात काही बिघडत नाही. बिघडते ते पुढच्या महिन्यात, कारण भूक अजून उंचावलेली आणि खर्च अजून उतरलेला असतो. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच आहार देखभालीच्या पातळीवर आणा, वजनाची सरासरी लिहीत राहा, आणि तीन-चार किलो परत येणार हे आधीच मान्य करा. माझा तो विद्यार्थी पुढच्या वर्षी वीस आठवड्यांच्या तक्त्यासह उतरला. चौथा आला. वजन ६६.२ किलो होते, आणि रात्री तो माझ्याच घरी जेवायला होता.