पाण्यातली सरळ रेषा

लॅब्राडोरला पोहायला शिकवावं लागत नाही. आतली लव दाट, वरचे केस तेलकट, बोटांमध्ये पडदे, आणि पाणमांजरासारखी बुंध्याशी जाड असलेली शेपूट; पाण्यात तीच सुकाणूचं काम करते. याचे पूर्वज, सेंट जॉन्सचे पाणकुत्रे, न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर जाळी ओढत आणि गळातून निसटलेला मासा पकडून आणत. मासळीच्या जहाजांबरोबर ते इंग्लंडच्या पूल बंदरात उतरले आणि अर्ल ऑफ माम्सबरीच्या घराण्याच्या नजरेत भरले. १८८० च्या दशकात त्या घराण्याने स्कॉटलंडच्या ड्यूक ऑफ बक्लूला काही कुत्रे दिले. आजच्या लॅब्राडोरचा वंश तिथवर मागे नेता येतो. ब्रिटनच्या केनेल क्लबने १९०३ साली जातीला मान्यता दिली.

एवढं सगळं रक्तातच असताना प्रशिक्षक वर्षानुवर्षं तळ्याकाठी काय करत असतात? ते कुत्र्याला सरळ जायला शिकवतात. हे वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे.

गोळी लागलेलं बदक तळ्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात पडलं, तर शहाणा कुत्रा काठाकाठाने पळत जातो आणि अगदी जवळ पोचल्यावर पाण्यात उतरतो. पोहण्यापेक्षा पळणं झपाट्याचं, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. अमेरिकेतल्या मिशिगनमधले गणिताचे प्राध्यापक टिमथी पेनिंग्स यांनी आपल्या एल्व्हिस नावाच्या कॉर्गीसाठी मिशिगन सरोवरात चेंडू फेकून हे मोजूनच पाहिलं. किती पळायचं आणि कुठून पाण्यात शिरायचं, याची एल्व्हिसची निवड कलनशास्त्राने काढलेल्या उत्तराच्या अगदी जवळ येत होती. २००३ साली त्यांचा हा निबंध छापून आला. अमेरिकन फील्ड ट्रायलमध्ये, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धेत, मात्र हीच हुशारी लबाडी ठरते. काठाने पळणाऱ्या कुत्र्याला तिथले लोक सरळ ‘चीटर’ म्हणतात.

त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. काठावर वेत, चिखल, कुंपण काहीही असू शकतं. वळसा घालता घालता बदक पडल्याची जागा डोळ्यांपुढून निघून जाते, आणि जखमी बदक तेवढ्यात बुडी मारून गायब होतं. पण खरं कारण दुसरं आहे असं मला वाटतं. शंभर चांगल्या कुत्र्यांतून एक निवडायचा, तर परीक्षकाला काहीतरी अवघड मागावंच लागतं, आणि कुत्र्याच्या स्वभावाविरुद्ध जाणाऱ्या सरळ रेषेइतकं अवघड दुसरं काही नाही.

सुरुवात मात्र अगदी साधी असते. कोमट दिवस, उथळ उताराचा काठ, आणि पिल्लाच्या पुढे स्वतः पाण्यात शिरलेला माणूस. पिल्लाला उचलून पाण्यात टाकणारा माणूस कुत्रा कायमचा बिघडवतो. पहिल्यांदा पोहणारं पिल्लू पाण्यात जवळजवळ उभं राहतं आणि पुढच्या पंजांनी पाणी बडवतं. मागचे पाय वापरायची अक्कल आली की पाठ आडवी होते आणि फडफड थांबते. मग पक्ष्याऐवजी फेकायची कॅनव्हासची डमी येते. इथे एक खोड हमखास निघते. काठावर पाय टेकताच कुत्रा अंग झाडतो आणि झाडताना तोंडातलं खाली टाकतो. डमी पडली तर हरकत नाही, पण पंखाला छर्रा लागलेलं बदक पुन्हा पाण्यात शिरतं. म्हणून प्रशिक्षक सुरुवातीला अगदी पाण्याच्या कडेला उभा राहतो आणि झाडण्याआधीच डमी हातात घेतो. मग दिवसागणिक एकेक पाऊल मागे सरकतो.

सरळ रेषेचा धडा अरुंद चरापासून सुरू होतो. काठाने पळून काहीच वाचणार नाही इतका तो चर अरुंद असतो. मग पाणी रुंदावतं, शिरण्याचा कोन तिरपा होतो आणि मोह वाढत जातो. आयताकृती तळ्यावर आणखी एक कसरत घेतात. डमी घेऊन परतणाऱ्या कुत्र्याला काठावर येऊ न देता, प्रशिक्षकाच्या समोरून पोहत पलीकडच्या टोकाला धाडायचं. पाण्यातून बाहेर पडणं हा आपल्या मर्जीचा प्रश्न नाही, हे त्याला तिथे कळतं.

याची कसोटी लागते ‘ब्लाइंड’मध्ये. पक्षी पडताना कुत्र्याने पाहिलेला नसतो. कुठे आहे ते फक्त त्याला हुकूम देणाऱ्या हँडलरला ठाऊक. पांढरा कोट घातलेला हँडलर कुत्र्याच्या डोक्याशेजारी हात धरून दिशा देतो आणि ‘बॅक’ असा हुकूम सोडतो. कुत्रा झेपावतो. आडवा वारा त्याला हळूहळू वाऱ्याच्या दिशेने ढकलतो, वाटेत जमिनीची जीभ पाण्यात घुसलेली असते आणि ती त्याला बोलावत असते. मग शिट्टीची एकच लांब फुंकर. कुत्रा जागच्या जागी वळतो, पाय मारत तरंगतो, काठाकडे पाहतो. पांढरी बाही डावीकडे जाते. लाटेमुळे त्याला ती नीट दिसली असेल की नाही कोण जाणे, पण तो डावीकडे वळतो. दोन-तीनशे यार्डांवर चाललेला हा संवाद पाहिला की पट्टा, साखळी या गोष्टी फारच बाळबोध वाटतात.

हे हातवारे मूळचे शिकारीतले नाहीत. १९३० च्या दशकात स्कॉटलंडहून अमेरिकेत आलेल्या डेव्ह एलियट या प्रशिक्षकाला त्यांचं श्रेय दिलं जातं. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांना दिले जाणारे इशारे त्याने लॅब्राडोरला लावले. १९३१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर इथे लॅब्राडोरची पहिली अधिकृत अमेरिकन ट्रायल झाली होती, तिला ब्रिटिश वळणच होतं. पुढच्या पंचवीसेक वर्षांत खेळ पार बदलला. बंदुकांच्या कारखानदारीतले जॉन ओलिन यांचा काळा लॅब्राडोर ‘किंग बक’ १९५२ आणि १९५३ असा लागोपाठ दोनदा राष्ट्रीय विजेता झाला. बदकांच्या शिकाऱ्यांना दरवर्षी विकत घ्यावं लागणारं जे सरकारी तिकीट असतं, त्याच्या १९५९ सालच्या चित्रावर तोंडात नर मॅलार्ड बदक धरलेला किंग बक आहे. जखमी पक्षी वाया जाऊ नयेत म्हणून कुत्रा बाळगा, हा त्यामागचा संदेश.

ब्रिटनमध्ये गंमत वेगळी. तिथे ट्रायल म्हणजे खरीखुरी शिकार, आणि कुठला पक्षी कुठे पडेल ते कुणाच्याच हातात नसतं. पाणी वाट्याला येईलच असंही नाही. म्हणून फील्ड ट्रायल चॅम्पियनच्या किताबासाठी पाण्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि पाण्यात शिरायला नकार देणारा कुत्रा बाद होतो. कुईकुई करणारा बाद. हुकमाआधी धावणारा बाद. आणलेला पक्षी परीक्षक तळहातावर घेतो, अंगठा आणि बोटांमध्ये धरून दोन्ही बाजूंच्या बरगड्या चाचपतो. त्या चेपलेल्या लागल्या तर ‘कडक तोंडाचा’ म्हणून त्या कुत्र्याचा दिवस संपला. एकाला न सापडलेला पक्षी दुसऱ्याने शोधून आणला तर त्याला ‘आय-वाइप’ म्हणतात, आणि पहिला बाहेर. सगळे हरले की परीक्षक स्वतः चालत जातात. त्यांना पक्षी मिळाला, तर शोधायला गेलेले सगळे कुत्रे घरी.

माझा कल ब्रिटिशांकडे आहे, कारण तिथे कुत्र्याच्या नाकाला वाव आहे. अमेरिकन अचूकता थक्क करते, पण तिच्यामागे बऱ्याचदा विजेचा पट्टा असतो. वेल्सने २०१० साली त्या पट्ट्यांवर बंदीच घातली. पट्टा वापरणारे म्हणतात, धडा आधी शिकवलेलाच असतो, पट्टा फक्त आठवण करून देतो. असेल, पण आठवण करून द्यायला शिट्टी आहेच की.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर यातला शिकारीचा भाग संपला. उरते डमी आणि पाणी, आणि सोसायटीत वाढलेल्या, दोन्ही वेळ पोळी खाऊन सुटलेल्या लॅबला तेवढंही पुष्कळ. फक्त जलपर्णीने झाकलेलं तळं आणि सिमेंटच्या उभ्या काठाचा कालवा टाळावा. निळसर-हिरव्या शेवाळाचं पाणी तर विषारीही असू शकतं. डमी आणताना तोंड उघडं राहतं आणि कुत्रा नकळत पाणी गिळत राहतो. फेऱ्या फार झाल्या तर रक्तातलं सोडियम उतरून जिवावर बेततं, म्हणून दमण्याआधीच थांबवायचं. गार पाण्यात खूप पोहल्यावर शेपूट काठीसारखी निघून खाली लोंबू लागली तर घाबरू नये. बहुधा काही दिवसांत ती पूर्ववत होते.

घाबरायचं ते दुसऱ्याच गोष्टीला. काही लॅब्राडोर जोरात धावल्यावर दहा-पंधरा मिनिटांत मागच्या पायांनी कोसळतात. जमिनीवर ते बहुतेक वेळा सावरतात, पाण्यात बुडतात. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली यामागचा जनुकदोष शोधला. आई आणि बाप दोघांकडून आला तरच तो त्रास देतो, आणि रक्ताच्या किंवा लाळेच्या साध्या तपासणीत कळतो. पाण्याच्या कामासाठी पिल्लू घेणाऱ्याने वंशावळीतल्या किताबांआधी आई-बापांच्या या तपासणीचा कागद मागावा.