मत आणि मताची बातमी

२० नोव्हेंबर २०२४ रोजी संध्याकाळी पाच वाजता महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानाची टक्केवारी ५८.२२ सांगितली गेली. रात्री पावणेबाराच्या सुमारास ती ६५.०२ झाली आणि अंतिम आकडा ६६.०५ वर थांबला. तीन दिवसांनी निकाल लागला, तेव्हा महायुतीच्या तीन मुख्य पक्षांनी मिळून २८८ पैकी २३० जागा घेतल्या होत्या. सहाच महिन्यांपूर्वी लोकसभेला याच राज्यात महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा जिंकल्या होत्या. त्यामुळे अनेकांना हा निकाल पचला नाही आणि न पचलेल्या निकालाला ते वाढते आकडे येऊन चिकटले. रात्रीत ७६ लाख मते आली कुठून, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत विचारला जातो.

प्रश्न विचारणाऱ्यांना वेड्यात काढायचे काही कारण नाही. आकडा वाढताना दिसला, निकाल अनपेक्षित लागला, आणि समजेल अशा भाषेत वेळेवर कुणी काही सांगितले नाही. पण या सगळ्या भीतीच्या मुळाशी एक गोष्ट आहे, ती नीट पाहायला हवी. मत एका वाटेने जाते आणि मताची बातमी दुसऱ्या वाटेने. पहिली वाट संथ आहे. तिथे यंत्र आहे, सील आहे, सहीचे कागद आहेत. दुसरी वाट घाईची आहे; तिथे फोन आहेत, अ‍ॅप आहे, टीव्हीच्या पट्ट्या आहेत. आपली बहुतेक धास्ती दुसऱ्या वाटेवरच्या गोंधळातून येते आणि आपण संशय घेतो तो पहिल्या वाटेवर.

‘पाचला ५८ होते, मग ६६ कसे झाले?’

त्या मतदानाच्या दिवशी सकाळी नऊ, अकरा, दुपारी एक, तीन आणि संध्याकाळी पाच वाजता जे आकडे आले ते मोजलेले नव्हते, कळवलेले होते. २०२४ मध्ये बूथवरचा केंद्राध्यक्ष रांग सांभाळता सांभाळता आतापर्यंत किती जणांनी मत दिले ते क्षेत्रीय अधिकाऱ्याला सांगत असे. त्या अधिकाऱ्याच्या हाताखाली अनेक बूथ असत. कुणाचा फोन लागत नसे, कुणी चारचाच आकडा पाचला देई, कुणी गर्दीत विसरे. ही बेरीज वर जाई आणि टक्केवारी होऊन आपल्या मोबाइलवर उतरे. म्हणजे पाचचा आकडा प्रत्यक्षात पाचच्या आधीच्या परिस्थितीचा होता, आणि तोही अपुरा.

मतदान तर पाचला संपतच नाही. गडचिरोलीकडचे काही मतदारसंघ सोडले तर राज्यात वेळ सकाळी सात ते संध्याकाळी सहा होती. सहाच्या ठोक्याला आवाराचे दार बंद होते, पण आत रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येते. त्यासाठी केंद्राध्यक्ष सही केलेल्या चिठ्ठ्या वाटतो, आणि वाटायला सुरुवात करतो ती रांगेच्या शेवटच्या माणसापासून. मागून कुणी घुसू नये म्हणून हा उलटा क्रम. रांगेतला शेवटचा माणूस आत जाऊन येईपर्यंत मतदान चालू राहते.

आता ७६ लाखांचा हिशेब घरच्या घरी करून पाहा. राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते आणि मतदान केंद्रे साधारण एक लाख. यंत्रांत सुमारे ६ कोटी ४० लाख मते पडली. म्हणजे एका केंद्रावर अकरा तासांत सरासरी ६४० मते, तासाला ५८. पाचच्या आकड्यानंतर वाढलेली ७६ लाख मते एक लाख केंद्रांवर वाटली की एका केंद्राच्या वाट्याला येतात ७६. दिवसभराच्या सरासरी वेगाने ती पडायला सव्वा तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. पाच ते सहा हा पूर्ण तास, त्याआधीची कळवायची राहिलेली मते आणि सहानंतरची रांग एवढ्यात ती बसतात. ७६ लाख हा आकडा ऐकायला प्रचंड वाटतो, कारण तो एक लाख ठिकाणी विखुरलेला आहे हे आपल्या डोळ्यांसमोर येत नाही.

सरासरीने प्रत्येक बूथची हमी मिळत नाही, हे खरेच. एखाद्या बूथवर संध्याकाळी खरोखर काही वावगे घडले असेल, तर ते राज्याच्या सरासरीत सापडणार नाही. ते सापडते फक्त त्या बूथच्या कागदात.

तो कागद म्हणजे फॉर्म १७-सी. निवडणुकीतला हा सर्वात मोलाचा कागद बहुसंख्य मतदारांनी कधी पाहिलेला नाही. शेवटचे मत पडल्यावर केंद्राध्यक्ष कंट्रोल युनिटवरचे ‘क्लोज’ बटण दाबतो. त्यानंतर त्या यंत्रात एकही मत घालता येत नाही. मग तो १७-सीचा पहिला भाग भरतो. कंट्रोल युनिट, बॅलट युनिट आणि मताची चिठ्ठी छापणारे व्हीव्हीपॅट यांचे क्रमांक. यादीत एकूण मतदार किती. मतदार नोंदवहीत, म्हणजे १७-ए मध्ये, किती जणांच्या सह्या वा अंगठे. सही करून मत न देता परत गेलेले किती. मत देऊ न दिलेले किती. यंत्रात नोंदलेली मते किती. ‘तुमचे मत आधीच कुणी देऊन गेले आहे’ असे कळल्यावर खऱ्या मतदाराला कागदी मतपत्रिकेवर मत देता येते, तशी प्रदत्त मते किती. शिवाय कागदी सीलचे क्रमांक. हा तक्ता भरून त्याची साक्षांकित प्रत हजर असलेल्या प्रत्येक उमेदवाराच्या पोलिंग एजंटाला द्यायची आणि पोच घ्यायची, असे १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतच सांगितले आहे.

म्हणजे अ‍ॅपवर टक्केवारी काहीही दिसो, त्या बूथचा पक्का आकडा त्याच संध्याकाळी उमेदवारांच्या माणसांच्या खिशात गेलेला असतो. रात्रीत मते घुसवायची, तर हजारो बूथवरच्या निरनिराळ्या पक्षांच्या एजंटांकडच्या प्रतीही रात्रीत बदलाव्या लागतील. मतमोजणीच्या टेबलावर यंत्र उघडले की पहिल्यांदा हाच आकडा जुळवतात. ७६ लाखांच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. ती जून २०२५ मध्ये फेटाळली गेली.

‘पडलेल्या मतांपेक्षा मोजलेली मते जास्त’

ही बातमीही विधानसभेनंतर खूप फिरली. पडलेली मते ६,४०,८८,१९५ आणि मोजलेली ६,४५,९२,५०८. म्हणजे पाच लाखांवर मते जास्त. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते एकाच गोष्टीचे नाहीत. पहिला आकडा फक्त यंत्रांतल्या मतांचा आहे. दुसऱ्यात टपाली मतेही आहेत: निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी, सैन्यातले जवान, घरून मत देणारे ८५ वर्षांवरचे ज्येष्ठ आणि अपंग मतदार. निवडणूक आयोगाने दिलेली टपाली मतांची संख्या ५,३८,२२५ आहे. ती मिळवली की बेरीज ६,४६,२६,४२० होते आणि मोजलेली मते तिच्यापेक्षा सुमारे ३४ हजारांनी कमीच निघतात.

कमी का, याचेही एक कारण आहे. मतदानाआधी एजंटांसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान घेतात आणि ती मते पुसून खरे मतदान सुरू करतात. एखादा केंद्राध्यक्ष ती पुसायला विसरला, तर यंत्रातला आकडा १७-सीशी जुळत नाही. असे यंत्र मोजणीत बाजूला ठेवतात आणि जिंकणाऱ्याची आघाडी त्या यंत्रातल्या मतांपेक्षा कमी असेल तरच त्याचा विचार होतो.

‘ओटीपी टाकून ईव्हीएम उघडले’

४ जून २०२४, गोरेगावचे नेस्को संकुल, मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघाची मोजणी. यंत्रांतली मते संपली तेव्हा अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ वर होते आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४ वर. साडेनऊ लाखांच्या आसपास मते मोजून फरक एका मताचा. मग टपाली मते मिळवली गेली. वायकरांना १,५५०, कीर्तिकरांना १,५०१. वायकर ४८ मतांनी जिंकले. बाद टपाली मतांची फेरतपासणी झाली, निकाल तोच राहिला.

इतक्या चुरशीच्या ठिकाणी एका उमेदवाराच्या नातेवाइकाच्या हाती मोबाइल सापडल्याचा गुन्हा नोंदला गेला आणि त्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीने ईव्हीएम उघडल्याची बातमी एका इंग्रजी दैनिकाने छापली. ती देशभर गेली. प्रत्यक्षात ईव्हीएमला ओटीपी नसतो, कारण ते कशालाच जोडलेले नसते. निकाल पाहायला यंत्रावरचे बटण दाबावे लागते. ओटीपी लागतो तो फेरीचे आकडे आयोगाच्या संगणकप्रणालीत भरणाऱ्या कर्मचाऱ्याला. दैनिकाने चूक कबूल करून माफी मागितली. मोजणी केंद्रात परवानगी नसलेल्या माणसाच्या हाती फोन असणे हा गंभीर प्रकार होता आणि त्याची चौकशी व्हायलाच हवी होती. पण त्या फोनवरून फार तर बातमीच्या वाटेवर गडबड करता आली असती. मताची वाट टेबलावर होती: दर विधानसभा क्षेत्राला साधारण १४ टेबले, एका फेरीत तितकीच यंत्रे, प्रत्येक टेबलापाशी जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी हातात कागद घेऊन. त्यांच्या टिपणातली बेरीज आणि संकेतस्थळावरचा आकडा वेगळा आला, तर खोटे ठरते संकेतस्थळ.

टीव्हीवर सकाळी आघाडीवर दिसलेला उमेदवार दुपारी पिछाडीवर जातो, यातही गूढ काही नाही. फेऱ्या बूथच्या क्रमाने होतात आणि प्रत्येक गाव, प्रत्येक वस्ती सारखे मत देत नाही. हरियाणात ८ ऑक्टोबर २०२४ ला संकेतस्थळ संथ चालल्याची काँग्रेसने तक्रार केली; वाहिन्या पुढे, संकेतस्थळ मागे असे दिसत होते. वाहिन्यांचे आकडे त्यांच्या माणसांचे असतात, आयोगाचे आकडे अधिकाऱ्याच्या सहीनंतर येतात. एक्झिट पोलची तर याहून लवकर वासलात लावता येते. ते मत नव्हे आणि मताची बातमीही नव्हे. मतदारांना विचारून बांधलेला तो अंदाज असतो. २०२४ च्या लोकसभेला बहुतेकांनी रालोआला ३५०च्या पुढे दाखवले, मिळाल्या २९३.

बॅटरीचेही थोडक्यात. दिवसभर वापरूनही यंत्र ९९ टक्के बॅटरी कशी दाखवते, हा आक्षेप हरियाणापासून ऐकू येतो. या यंत्रात मोबाइलसारखी चार्ज होणारी बॅटरी नसते, अल्कलाइन असते. तिचा दाब ८ ते ७.४ व्होल्टच्या दरम्यान असेपर्यंत पडद्यावर ९९च दिसते. त्याखाली गेल्यावर खरी घट दिसू लागते.

‘शंका घेणारे लोकशाहीच्या मुळावर उठले आहेत’

हा गैरसमज दुसऱ्या बाजूचा आहे आणि मला तो आधीच्या सर्वांपेक्षा घातक वाटतो. २०२४ च्या लोकसभेचा पहिला टप्पा १९ एप्रिलला झाला, दुसरा २६ एप्रिलला. दोन्हींची पक्की टक्केवारी आली ३० एप्रिलला. अकरा दिवस! आणि त्यातही नुसते टक्के, मतदारांची प्रत्यक्ष संख्या नाही. ही संख्या मागणाऱ्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २४ मे रोजी हस्तक्षेप करायला नकार दिला आणि दुसऱ्याच दिवशी आयोगाने पाच टप्प्यांची संख्या स्वतःहून जाहीर केली. जी माहिती एका दिवसात देता येत होती ती महिनाभर का दिली नाही, हे विचारणे हे नागरिकाचे कामच आहे. असे प्रश्न विचारले गेले म्हणून गोष्टी सुधारल्या. केंद्राध्यक्षाने बूथ सोडण्यापूर्वीच अंतिम आकडा अ‍ॅपवर भरावा, असा बदल आयोगाने जून २०२५ मध्ये जाहीर केला. टपाली मते मोजून झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही, हा बदल त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झाला. व्हीव्हीपॅट तरी कुठून आले? शंकांतूनच. आधी एका विधानसभा मतदारसंघात एकाच व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजत. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने पाच करायला लावल्या. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभेला अशा १,४४० यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या आणि त्यांत तफावत आढळली नाही, असे राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले.

माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या गावकऱ्यांना आपल्या बूथचे आकडे पटले नाहीत, आणि तेही त्यांच्या पसंतीचा उमेदवार मतदारसंघात जिंकलेला असताना. ३ डिसेंबर २०२४ ला त्यांनी गावातच मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, बेत सोडावा लागला. अशा मतदानाला कायद्यात जागा नाही, हे खरे. पण गावाच्या मनातली शंका जमावबंदीने मिटत नाही. त्या बूथची नोंदवही, १७-सी आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या गावकऱ्यांपुढे ठेवता आल्या असत्या तर ती मिटली असती, किंवा खरी ठरली असती. आजच्या नियमांत साध्या मतदाराला ती वाट नाही.

उलट वाटा अरुंद होत आहेत. २० डिसेंबर २०२४ रोजी निवडणूक संचालन नियमांतल्या नियम ९३ मध्ये बदल झाला आणि नियमांत नावाने नमूद नसलेले दस्तऐवज, म्हणजे मतदान केंद्रांचे कॅमेरा चित्रणही, लोकांना पाहायला मिळण्याच्या कक्षेबाहेर गेले. मे २०२५ मध्ये हे चित्रण निकालानंतर ४५ दिवसच जपायचे ठरले. तोवर निवडणूक याचिका दाखल झाली असेल तरच ते पुढे राखायचे.

म्हणून ज्यांना खरोखर काळजी आहे त्यांनी वेळ गाठली पाहिजे. बूथवर आपल्या पक्षाचा एजंट शेवटपर्यंत बसला का आणि १७-सीची प्रत घेऊनच उठला का, हे त्याच संध्याकाळी विचारावे. ती प्रत मतदारसंघभर गोळा करणे हे पक्षांचे काम आहे आणि बरेच पक्ष त्यात ढिले असतात. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ५ टक्के यंत्रांच्या मेमरीची पडताळणी मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सांगितले. पण मागणी निकालानंतर सात दिवसांत लेखी करायची असते आणि खर्च भरावा लागतो. छेडछाड सिद्ध झाली तर पैसे परत मिळतात. बूथनिहाय निकालाचा फॉर्म २० मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर येतो. तो एजंटांच्या प्रतींशी ताडून पाहायला दोन-चार माणसे आणि आठवडाभराच्या संध्याकाळी पुरतात. निवडणूक याचिका त्या मतदारसंघातला कोणीही मतदार उच्च न्यायालयात दाखल करू शकतो, आणि तिचीही मुदत ४५ दिवसांचीच आहे.