जुन्या पिकअपची अश्वशक्ती : वाढविण्याआधी गमावलेली परत मिळवा

रत्नागिरीकडून हापूसच्या पेट्या भरून निघालेली पिकअप साखरपा ओलांडून आंबा घाटाला लागली, म्हणजे तिच्या इंजिनाची खरी परीक्षा सुरू होते. अनेक वर्षे राबलेली गाडी येथे धापा टाकू लागते. पेट्या तापतात, कोल्हापूरच्या बाजारातील सकाळचा सौदा हुकतो. मग कोणी सुचवितो, “पंपाचा सील तोडून डिझेल वाढवा.” हा सल्ला बहुधा इंजिनाच्या मुळावर येतो.

75 किलोग्रॅम वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्यास जी शक्ती लागते, ती एक अश्वशक्ती होय. भरलेली गाडी 3,000 किलोग्रॅमची असेल आणि तिला दर सेकंदास एक मीटर उंची गाठावयाची असेल, तर केवळ चढणीसाठी 40 अश्वशक्ती खर्ची पडते. इंजिनाने त्यातील दहा गमावली, तर चढण्याचा वेग एकचतुर्थांशाने घटतो.

ही शक्ती डिझेल व हवा यांच्या ज्वलनातून मिळते. एक किलोग्रॅम डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे साडेचौदा किलोग्रॅम हवा लागते. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढविल्यास ते अर्धवट जळते व काळा धूर निघतो. इंजिन अतिशय तापते, पिस्टन वितळण्याचा धोका उत्पन्न होतो आणि न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरून त्याचे वंगण बिघडविते.

म्हणून यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल गाडीची तपासणी पुढील क्रमाने करावी.

1. हवेचा फिल्टर धुळीने बुजला असल्यास साफ करावा अथवा बदलावा. डिझेलचा फिल्टरही पाहावा.

2. नोझल तपासणी यंत्रावर लावून पाहावेत. फवारा बारीक व सारखा पडावा. थेंब गळू नयेत.

3. टॅपेटमधील अंतर उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार ठेवावे. पंपाची वेळ जाणत्या मिस्त्रीकडून जुळवून घ्यावी.

4. सिलिंडरमधील दाब मोजावा. डिझेल दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच पेट घेते. रिंगा वा व्हॉल्व्ह झिजून दाब निसटत असल्यास इतर उपाय व्यर्थ होत.

5. इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही, असे असल्यास क्लच घसरत आहे असे समजावे. फेरीनंतर एखादे चाक विशेष तापत असल्यास तेथील ब्रेक अडकत असतो.

टर्बोचार्जर अधिक हवा पुरवून शक्ती वाढवितो हे खरे. परंतु मुळात त्यासाठी न बनलेल्या इंजिनाचे पिस्टन, गॅस्केट व रेडिएटर तो वाढीव भार सोसतीलच असे नाही. शिवाय नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलांवर मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 अन्वये निर्बंध आहेत. इंजिन बदलावयाचे झाल्यास प्रथम परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र शेतकऱ्याच्याच हाती आहे. गाडीतील भार 500 किलोग्रॅमने कमी केला, तर वरील वेगाने चढताना सुमारे साडेसहा अश्वशक्ती वाचते. क्षमतेपेक्षा अधिक पेट्या लादून पंपाचा स्क्रू फिरविण्यापेक्षा हंगामापूर्वी गाडीची नीट तपासणी करून घ्यावी व बेताचाच माल भरावा. तसे केल्यास फळ वेळेवर बाजारात पोहोचेल आणि इंजिन पुढील हंगामासही उपयोगी पडेल.