ल्युसिन तर भाकरीतही आहे!

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेनं 2018 साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीच्या 57 किलो गटात सुवर्ण जिंकलं. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत 61 किलो गटात कांस्य. कुस्तीत किलोकिलोचा हिशेब असा चोख असतो. म्हणूनच वजन उतरवताना मल्लाला धास्ती असते, चरबीबरोबर ताकदही गेली तर?

धास्ती रास्त आहे. खाणं घटलं की शरीर चरबी जाळतं, तशी स्नायूंतली प्रथिनंही मोडतं. ही झीज थांबवते म्हणून 'बीसीएए' पावडरचे डबे खपतात. त्यात तीनच अमिनो आम्लं असतात: ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन. यातलं ल्युसिन स्नायूंना नवी प्रथिनं बांधायचा इशारा देतं, हे खरं. पण बांधकामाला नऊही आवश्यक अमिनो आम्लं लागतात. बाकीची सहा ताटातून आली नाहीत, तर शरीर ती स्नायू मोडूनच मिळवतं.

याचा दाखला बीडच्या चुलीवरच आहे. ज्वारीच्या एक ग्रॅम प्रथिनात सुमारे 130 मिलिग्रॅम ल्युसिन असतं. प्रौढाची गरज ग्रॅममागे 59. बाकीच्या सहांतलं लायसिन मात्र 20च्या आसपास, गरज 45. ल्युसिनची अशी चंगळ असूनही नुसत्या भाकरीवर अंग भरत नाही. लायसिनची तूट पिठलं, वरण, दूध भरून काढतात.

1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कुस्तीगिरांना 19 दिवस कमी उष्मांकावर ठेवलं. बीसीएए घेणाऱ्यांची चरबी जास्त घटली, पण ताकदीत कुठल्याच गटात फरक दिसला नाही. शिवाय गट सहा-सात जणांचेच होते. मग पूर्ण प्रथिनांचं काय? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने 2016 साली 40 तरुणांचे उष्मांक चार आठवडे 40 टक्क्यांनी कमी केले आणि त्यांच्याकडून कसून व्यायाम करून घेतला. वजनाच्या किलोमागे रोज 2.4 ग्रॅम प्रथिनं घेणाऱ्यांची चरबी 4.8 किलो उतरली आणि चरबीविरहित वजन उलट 1.2 किलो वाढलं. 1.2 ग्रॅमवाल्यांचं ते जवळपास तेवढंच राहिलं.

म्हणजे उपास नको, जोर-बैठका सोडू नयेत आणि प्रथिनं पुरेशी हवीत. लिटरभर दुधात ती 32 ग्रॅम, सहा अंड्यांत 36. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. वजन उतरवताना भाकरी अर्धी करा; पिठलं मात्र दुप्पट वाढून घ्या.