कार्डावर सोनं, नोंद कुठे?

पावसाळा सरत आला की अहिल्यानगरच्या सावेडीत पाइपलाइन रोड, गुलमोहर रोड, भिस्तबाग या भागांतल्या लॅबमध्ये डॉक्टरांची एकच चिठ्ठी पुन्हापुन्हा येते : ‘डेंग्यू एनएस-वन’. बोटभर लांबीचं प्लॅस्टिकचं कार्ड, त्यावर रक्तद्रवाचे दोन-तीन थेंब, पंधरा-वीस मिनिटांची वाट. ‘सी’समोर एक रेघ यायलाच हवी. ‘टी’समोर दुसरी उमटली की घरात धावपळ सुरू. नॅनोतंत्रज्ञान म्हटलं की आपल्याला परदेशातली चकचकीत प्रयोगशाळा आठवते. पण ते सावेडीच्या गल्लीत कधीच येऊन बसलंय. बहुतेक कार्डांवरची ती लाल रेघ चक्क सोन्याची असते.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सोन्याचे कण वीस-चाळीस नॅनोमीटरइतके बारीक झाले की पिवळेपणा जातो आणि पाण्यात ते माणकासारखे लाल दिसतात. मायकेल फॅरेडेनं या लाल द्रावणावरचा अभ्यास १८५७ मध्येच मांडला होता. कार्डातल्या अशा कणांवर प्रतिपिंडं चढवलेली असतात. रक्तद्रव पट्टीतून पुढे झिरपताना त्यात डेंग्यूच्या विषाणूचं एनएस-वन हे प्रथिन असेल, तर ते या कणांना चिकटतं. ‘टी’ रेघेवर दुसरी प्रतिपिंडं आधीच पक्की बसवलेली असतात. ती प्रथिनाला धरतात आणि त्याच्यासोबत सोनंही अडकतं. पुरेसे कण साठले की रेघ डोळ्यांना दिसते. वीज नको, यंत्र नको.

मग घरच्या ग्लुकोमीटरसारखं डेंग्यूचं यंत्र का नाही? कारण हिशेबात आहे. एक मिलिलिटर रक्तात साखर साधारण एक मिलिग्रॅम असते. एनएस-वन कधी तिच्या हजाराव्या हिश्श्याइतकं, तर कधी त्याहून कितीतरी कमी. इतकं थोडं पकडायचं म्हणून संशोधक ग्राफीनकडे वळले. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. त्यावर विषाणूचा अंश बसला तरी त्यातून वाहणारी वीज बदलते, आणि विजेचा संदेश थेट मोबाइलला पाठवता येतो. दक्षिण कोरियातल्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये असा कोरोनाचा सेन्सर करून दाखवला. तरी तो आपल्या लॅबच्या टेबलावर आलेला नाही. रक्तातली इतर प्रथिनंही त्या पापुद्र्याला चिकटतात, आणि हजारो सेन्सर एकसारखे बनवणं अवघड जातं. ‘काही वर्षांत घरोघरी’ असं सांगणाऱ्या बातम्या म्हणूनच जरा जपून वाचाव्यात.

कार्डाच्याही मर्यादा आहेत. एनएस-वन तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांतच भरवशानं सापडतं. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे, म्हणून तो पुन्हाही होऊ शकतो. पूर्वी एकदा होऊन गेलेल्या माणसाच्या शरीरातली जुनी प्रतिपिंडं हे प्रथिन झाकून टाकू शकतात आणि मग कार्ड चुकतं. नेमका हा दुसऱ्यांदा होणारा डेंग्यूच जास्त धोक्याचा ठरू शकतो. त्यामुळे सरकारी यंत्रणा निदान पक्कं धरते ते एलायझा या प्रयोगशाळेतल्या चाचणीवर. त्यासाठीची किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था पुरवते. कार्ड निगेटिव्ह आलं म्हणून डॉक्टरकडे जाणं टाळू नये.

पण मला खरी अडचण कार्डाच्या पुढे, निकालाच्या नोंदीत दिसते. मे २०२१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या ‘कोव्हिसेल्फ’ या कोरोनाच्या घरगुती चाचणीला मान्यता दिली. किंमत तेव्हा अडीचशे रुपये होती. निकालाचा फोटो ॲपवर टाकायचा, की माहिती आयसीएमआरकडे पोचणार, अशी जोडणी होती. फोटो काढणं मात्र माणसाच्या मर्जीवर. जानेवारी २०२२ मध्ये अशा किटच्या विक्रीची माहिती औषध दुकानदारांकडूनच मागवण्याची वेळ मुंबई महापालिकेवर आली. क्षयरोगाचं वेगळं. खासगी डॉक्टरांनीही रुग्ण कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि त्यासाठी ‘निक्षय’ ही नोंदप्रणाली आहे. क्षयाची चाचणी करणारं, गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं बॅटरीवर चालणारं ‘ट्रूनॅट’ यंत्र आपला निकाल स्वतःच पुढे पाठवू शकतं. जोडणी टिकते ती अशी, यंत्र आणि नियम या दोन्हींच्या बळावर.

डेंग्यूसाठीही केंद्राच्या रोगसर्वेक्षण प्रणालीत लॅबनं भरायचा ‘एल फॉर्म’ आहे. तो निकालाच्याच दिवशी भरला गेला तर फरक पडतो, कारण मुळा धरणाचं पाणी आपण टाक्या-पिंपांत साठवतो, एडिस डास तिथेच अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. हा डास फार लांब उडत नाही. त्यामुळे गल्ली कळली की काम बरंचसं सोपं होतं. रुग्णाचं नाव सगळीकडे फिरवायची काहीच गरज नाही. आजाराची माहिती ही खासगी बाब आहे, हे ॲप बनवणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं.

तेव्हा या हंगामात लॅबमधून पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात आला, तर एवढं विचारा : हा निकाल महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवला का? आणि नंतर आरोग्य कर्मचारी दारात आला, तर त्याला गच्चीवरच्या टाकीपर्यंत जाऊ द्या.