सामायिक तक्त्यांतील खाजगी रकाने

भातशेती करणाऱ्या गटाचा हिशेब पूर्वीं एका वहींत असे व ती वही गटप्रमुखाच्या पेटींत असे. आतां तोच हिशेब गूगल शीटवर असतो आणि त्याची लिंक सर्व सभासदांच्या मोबाइलवर असते. सोय मोठी खरी. परंतु वहीस जशी पेटी होती तशी या तक्त्यास नाहीं, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांतून निवृत्त झाल्यावर पवन मावळांतील एका गटासाठीं इंद्रायणी भाताच्या बियाण्याची मागणी-यादी केली. आधार क्रमांक, बँक खातें व थकबाकी हे रकाने ‘हाइड’ करून लिंक सर्वांस पाठविली. तिसरे दिवशीं एका सभासदाची थकबाकी पारावर चर्चेस आली! चूक लेखकाचीच. लपविलेला रकाना संपादनाचा अधिकार असणारा कोणीही तत्काळ उघडतो. ज्यास केवळ पाहण्याचा अधिकार आहे तोही, मालकानें बंदी केली नसल्यास, तक्त्याची प्रत काढून त्या प्रतींत तो उघडूं शकतो. ‘प्रोटेक्ट’ केल्यानें लिहिण्यास अटकाव होतो, वाचण्यास नव्हे. रकाना पुसला तरी जुना मजकूर तक्त्याच्या इतिहासांत संपादकांस सांपडतो.

यास्तव तक्ते दोन करावे. पहिल्यांत नांव, क्षेत्र, बियाण्याच्या पिशव्या. हा सर्वांस द्यावा. दुसऱ्यांत आधार, बँक खातें, थकबाकी. हा केवळ चिटणीस व खजिनदार यांच्या ईमेल पत्त्यांवर द्यावा, लिंकवर खुला ठेवूं नये. दोहोंचा मेळ गटानें दिलेल्या अनुक्रमांकानें घालावा. सभेपुढें थकबाकी निनांवी मांडणें झाल्यास तेथें 8-अ चा खाते क्रमांक लिहूं नये; महाभूलेखावर त्यावरून खातेदाराचें नांव कोणासही कळतें.

‘इंपोर्टरेंज’ या सूत्रानें एका तक्त्यांतून दुसऱ्यांत आंकडे आपोआप येतात, परंतु तो मोह टाळावा. एकदां परवानगी दिली म्हणजे खुल्या तक्त्याचा कोणताही संपादक त्याच वाटेनें गुप्त तक्त्यांतील इतर रकानेही ओढूं शकतो. लागतील तेवढेच आंकडे हातानें उतरवावे.

आमचा जुना तक्ता आम्हीं बंद केला व नवे दोन केले. ज्यांनीं आधींच प्रती काढल्या होत्या, त्या परत घेतां येत नाहींत. त्या सभासदाच्या घरीं जाऊन लेखकानें क्षमा मागितली. त्यांनीं चहा दिला, पण पुढील हंगामाची मागणी गटाकडे नोंदविली नाहीं.